पापणीचा केस

बाहेर उणे अठ्ठावीस. ओउलूत दहा वाजले तरी
खिडकीला उजेड लागलेला नाही.
इथे तळघरात, पेटीच्या आत, उणे एकशेवीस.
"त्या मानाने आपण सगळे उन्हाळ्यात राहतो,"
राइली म्हणते, आणि बूट काढून
लोकरी मोज्यांवर स्टुलावर बसते.

तुकडा एका मुलाच्या मूत्रपिंडाचा,
मोहरीहून लहान.
नाव नाही. चव्वेचाळीस-सतरा.
रात्रभर साखरेच्या पाकात मुरत होता.
पाक नसता तर आतल्या पाण्याला सुळे फुटले असते,
पेशी न पेशी फाडत गेले असते.
थंडीला गोडाने अडवायचं, एवढं मला वहीतून कळलं.
मुरला कधी म्हणायचं, ते वहीत नाही.
ती बाटली कलती करते,
तुकडा तळाला बसलाय का बघते,
आणि आई भाताला म्हणते तसं म्हणते : झालं.

खिळ्याच्या माथ्यावर तुकडा.
कडेचा पाक टिपकागदाने टिपलेला.
मग नायट्रोजनमध्ये एक बुडी.
चर्र.
फोडणीइतकंही नाही, लगेच शांत.

सुरी हिऱ्याची. काप सत्तर नॅनोमीटर,
एका केसाच्या जाडीत हजारभर मावतील असे.
"मान वळवून श्वास सोड," ती म्हणते,
"तुझा श्वास म्हणजे इथे हिमवादळ."
मी मान वळवून श्वास सोडते.
मान वळवून शिंकायलाही शिकले आहे.

पहिल्या आठवड्यात माझी एक अख्खी पट्टी उडाली.
हवेतल्या विजेने उचलली,
सुरीच्या पाठीला चिकटली, चुरगळली, गेली.
त्या पोराचा तुकडा अर्धा संपला होता,
दुसरा कुणी देणार नव्हतं.
राइली काही बोलली नाही.
उठली, कॉफी ठेवली,
दोन कप भरले, एक माझ्यासमोर ठेवला,
आणि खिळा एक अंश फिरवून दिला.

काप सुरीवरून उतरतात तेव्हा
त्यांना बोट चालत नाही, चिमटा चालत नाही.
पापणीचा केस लागतो.
दात कोरायच्या काडीला चिकटवलेला एकच केस,
टोकाला निमुळता, तुटत नाही, वाकतो.
त्याने पट्टी अलगद ओढत राहायची,
निजलेल्याच्या गालावरचा केस बाजूला करावा तशी.

मी माझ्या पापणीचा केस उपटला होता, डोळ्यांत पाणी आलं.
तो जाड निघाला. पट्टीलाच टोचायचा.

"हा घे," ती म्हणाली, शेवटच्या शुक्रवारी.
डबीत कापूस, कापसात काडी,
काडीवर पेनने लिहिलेलं : ८९.
केस अजून काळा.
"तेव्हाचा माझा."

गेल्या वसंतात औषधांनी तिच्या पापण्या गळल्या होत्या.
आठ आठवडे ती उघड्या डोळ्यांनी कामावर आली,
धुळीला रडत, दिव्याला रडत,
आणि एकही पट्टी उडाली नाही.
आता उगवल्यात त्या आखूड, पांढऱ्या, बोथट.
"कामाच्या नाहीत," ती म्हणते,
हत्यार तपासावं तशी चष्मा काढून आरशात बघते.

सोमवारी तिचं स्टूल रिकामं.
नवा तुकडा, नवा आकडा.
सुरीवरून पहिला काप उतरतो,
सेलोफेनसारखा, कडेला किंचित सोनेरी.
दुसरा त्याला धरून. तिसरा.
एकोणनव्वदच्या त्या केसाने मी पट्टी ओढते आहे
आणि पापणी लववत नाही.

आता तारेच्या कडीत पाकाचा थेंब.
तो आत नेल्याबरोबर गोठू लागतो.
पांढरा झाला तर गेलं,
फार पातळ असेल तर काप ताणून फाटतो.
मधे एक क्षण असतो,
राइली त्याला "आत्ता" म्हणायची,
तेही फार हळू,
ऐकू आलं असं वाटेपर्यंत उशीर व्हायचा.

मान वळवते.
श्वास सोडते.
थेंब टेकवते.